फझ, वाह, डिले, ट्यूनर... बोर्डवर कोण आधी, कोण नंतर?

कोथरूडचा_स्ट्रॅट:
मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. हळूहळू करत गिटारची इफेक्ट पेडल्स (पायाने दाबून आवाज बदलणारे डबे) जमलीत आणि ती आता एका बोर्डवर कायमची बसवायचीयेत, तर क्रम कसा ठेवू हे विचारायचं होतं. सामान असंय: बॉसचा टीयू-३ ट्यूनर, क्राय बेबी वाह (पायाने हलवायचा फिल्टर), फझ फेस या जुन्या, आवाज पार फाडणाऱ्या पेडलची एक कॉपी (मित्राने घरी सोल्डर करून दिलीये, ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे), आयबानेझचा टीएस-९ ओव्हरड्राइव्ह, एक ॲनालॉग कोरस, एक डिजिटल डिले (एको देणारा) आणि छोटा डिजिटल रिव्हर्ब. गिटार स्ट्रॅट टाइप, तिन्ही पिकअप सिंगल कॉइल. ॲम्प छोटा कॉम्बो, क्लीन आणि ड्राइव्ह (फाटका आवाज) असे दोन चॅनल, मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न लिहिलेले दोन जॅक आहेत, त्यांना मी आजवर हात लावलेला नाही.

आत्ता जो क्रम सगळीकडे सांगतात तोच लावलाय, म्हणजे ट्यूनर, वाह, फझ, टीएस, कोरस, डिले, रिव्हर्ब आणि मग सरळ ॲम्पच्या इनपुटला. पण एकेक भानगडी आहेत. फझ एकटा लावून वाजवायचो तेव्हा काय जाड वाजायचा, बोर्डवर आल्यापासून एकदम चिरका, कानात जातो. वाह आणि फझ दोन्ही चालू केले की वाहचा वाह असा येतच नाही, पायाची नुसती कसरत, आणि मधेच कधीतरी शिट्टी वाजते. ॲम्पच्या ड्राइव्ह चॅनलवर डिले लावला तर सगळा गिचका. सोलोला टीएस दाबला की घाण (आवाजाचा फाटकेपणा) वाढते पण आवाज वाढत नाही, आमचा ड्रमर म्हणतो तुझा सोलो सुरू झाला हे फक्त तुझ्या चेहऱ्यावरून कळतं. आणि सातही पेडल्स एकाच ॲडॉप्टरवर आहेत, ती एका वायरीला सात तोंडं असलेली वायर मिळते ना तसली, तर फझ लावला की मागे बारीक चींऽऽ असा आवाज सतत.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचंय, त्याआधी हे मार्गी लागलं तर बरं.

सोल्डरवाले_काका:
अरे वा, फझवाला कोणीतरी आला, नाहीतर इथे सगळे मल्टीइफेक्टवर गेलेत. तुझ्या मित्राच्या सोल्डरिंगला नावं ठेवू नकोस, फझ ठणठणीत आहे. त्याच्या आधी तो ट्यूनर बसलाय ना, तो उचल आधी तिथून.

टीयू-३ बंद असला तरी सिग्नल त्याच्या बफरमधूनच (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) पुढे जातो, बॉसची बहुतेक छोटी पेडल्स अशीच असतात. बफर ही काही वाईट गोष्ट नाही, उलट लांब केबल असेल तर हवाच. पण फझ फेसचं प्रकरण वेगळं आहे. ते १९६६ चं सर्किट, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, बास. त्याचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) अगदी कमी, काही हजार ओहम, आजकालच्या पेडल्सचा लाखांत असतो. त्यामुळे गिटार थेट फझला जोडली की पिकअपच्या कॉइलवर त्याचा लोड येतो आणि वरचा तीक्ष्णपणा आपोआप उतरतो, म्हणजे पिकअप आणि फझ मिळून एकच सर्किट झालेलं असतं. तुला आठवतोय तो जाड आवाज हाच. मधे बफर आला की फझला पिकअप दिसतच नाही, त्याला मिळतो बफरचा चकचकीत दणकट सिग्नल, आणि मग तो चिरकतो.

खात्री करायची असेल तर एक कर. गिटार थेट फझला लाव, फझ चालू ठेव आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ७, मग ५ वर आण. फझ साफ होत होत जवळपास क्लीन व्हायला पाहिजे, चमक असलेला क्लीन. आता मधे ट्यूनर घालून तेच कर. तो साफच होत नाही, नुसता बारीक होतो. या एका नॉबवर लोक पूर्ण गाणं काढतात, पायाने काही न दाबता, आणि ट्यूनरपायी तू तेच घालवून बसलायस.

वाहचंही तसंच. वाहच्या आउटपुटला एवढ्या कमी इम्पीडन्सचा लोड ओढवत नाही, म्हणून त्याचा झोल (वाह-वाह असा हेलकावा) मरतो, आणि त्या दोघांच्या भांडणातून तुझी ती शिट्टी. फझ आधी, वाह नंतर लाव. फझमधून बाहेर पडतं ते हार्मोनिक्सनी गच्च भरलेलं असतं, त्यामुळे वाहला फिल्टर करायला भरपूर माल मिळतो, झोल इतका मोठा होतो की काही जणांना अति वाटतो. मला आवडतो. वाह आधीच हवा असेल तर वाहच्या आउटपुटला छोटा बफर बसवायचा उद्योग करावा लागेल, मित्र सोल्डरवाला आहेच.

म्हणजे गिटार, फझ, वाह, मग ट्यूनर, मग टीएस. ट्यूनर इतका मागे चालतो का विचारशील तर चालतो, ट्यून करताना फझ बंद असला म्हणजे झालं. फक्त मित्राने ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न लागता सरळ पुढे जाणारं) वायरिंग केलंय ना विचार, नऊ पायांचा थ्री-पीडीटी स्विच असेल तर बहुतेक केलेलं असतं.

निळी_टेली:
काकांनी पुढचा अर्धा बोर्ड मार्गी लावला, मी मागचा घेते.

ज्या दोन जॅकना तू हात लावला नाहीस ना, तुझ्या डिलेचं औषध तिथेच आहे. ॲम्पमध्ये आधी प्रीॲम्प असतो, ड्राइव्ह चॅनलची घाण तिथे तयार होते, आणि मग पॉवर ॲम्प जो नुसता मोठं करतो. सेंड-रिटर्न या दोघांच्या मधे असतात. आत्ता तू डिले पुढे लावलायस म्हणजे डिलेचे रिपीट तयार होतात आणि मग ते सगळे मिळून ड्राइव्हमध्ये घुसतात. डिस्टॉर्शनचा स्वभाव असा की ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठे आवाज दाबतं, त्यामुळे विरत जाणारा रिपीट विरतच नाही, तो तुझ्या पुढच्या कॉर्डच्या डोक्यावर येऊन बसतो, आणि दोन वेगळे सूर एकाच वेळी क्लिप झाले (मर्यादेवर कापले गेले) की त्यातून तिसरेच बेसूर आवाज निघतात. गिचका तो हाच. डिले लूपमध्ये, म्हणजे या सेंड-रिटर्नच्या मधे, टाकलास तर आधी घाण तयार होणार आणि मग त्या तयार आवाजाचे रिपीट, स्वच्छ विरणारे.

तर सेंडमधून केबल निघून कोरस, डिले, रिव्हर्ब आणि तिथून रिटर्नला. बोर्डपासून ॲम्पपर्यंत दोन केबल जास्तीच्या लागतील, आणि सुरुवातीला कुठली कुठे हा गोंधळ होतोच, रंगीत टेप लावून टाक. एक बघ, काही ॲम्पच्या लूपची लेव्हल पेडलसाठी जास्त असते, डिलेच घाण वाजायला लागला तर मागे लेव्हलचं बटण आहे का शोध.

आता सोलो. ड्राइव्ह चॅनल आधीच पूर्ण क्लिप होतोय, त्याच्या पुढे टीएसने कितीही ढकललं तरी छताला डोकं लागलेलंच आहे, वर जायला जागा नाही, म्हणून फक्त घाण वाढते. आवाज वाढवायचा तर घाण तयार झाल्यानंतर वाढवावा लागतो. म्हणजे लूपमध्ये, कोरसच्या आधी, एखादा साधा क्लीन बूस्टर नाहीतर ईक्यू (इक्वलायझर) पेडल. किंवा पैसे न घालवता दुसरा रस्ता: ॲम्प क्लीन चॅनलवरच ठेव, नेहमीचं वाजवायला फझ गिटारच्या व्हॉल्यूमवरून कमी करून वापर, आणि टीएस त्याच्यानंतर आहेच, त्याचा ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल तीनच्या काट्यावर. टीएस साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास मिड वर उचलतो आणि खालचा बेस कापतो, त्यामुळे बेसगिटारच्या पायात न येता गिटार बँडमधून बाहेर येते. फझ एकटा घरात कितीही भारी वाटला तरी बँडमध्ये हरवतो, मागे टीएस असला की सापडतो. ड्रमरला चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही.

एको_एको:
टेलीताई, बाकी सगळं मान्य पण डिले लूपमध्येच पाहिजे हे जरा जास्तच पाठ केल्यासारखं झालंय हं. लूपबिप नव्हते तेव्हा लोक टेप एको सरळ ॲम्पच्या पुढच्या इनपुटलाच लावायचे आणि ॲम्प फाटेपर्यंत वाढवायचे, तो जुना आवाज तसाच येतो. रिपीट ड्राइव्हमध्ये घुसून मळतात, गोलसर होतात, मूळ सुरात मिसळून जातात. मिक्स कमी ठेवायचा, रिपीट दोन-तीनच, आणि कॉर्ड कमी, सुटे सूर जास्त. स्लॅपबॅकला (एकच झटपट रिपीट) तर मी कायम पुढेच लावतो.

कोरसही ड्राइव्हच्या आधी लावून बघ एकदा. नंतर लावला तर चकचकीत आणि रुंद होतो, ऐंशीच्या दशकातला, आधी लावला तर ड्राइव्ह त्याला खाऊन टाकतं आणि एक मळकट डुलणं उरतं. फेझर असेल तर तो मी आधीच लावतो, नंतर लावला की विमान उतरल्यासारखं होतं.

आणि पेडल घेताना सगळी ट्रू बायपासच घ्यावीत असं माझं मत.

सोल्डरवाले_काका:
@एको_एको डिलेचं पटलं, ट्रू बायपासचं नाही. हिशोब कर. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धर. गिटारपासून बोर्ड ६ मीटर, बोर्डपासून ॲम्प ६ मीटर, वर पॅच केबल, म्हणजे बाराशेच्या वर गेलं. सगळी पेडल्स ट्रू बायपास असली की सगळी बंद असताना एवढं सगळं ओझं सिंगल कॉइलच्या पिकअपवर, ट्रेबल गेलंच म्हणून समज. साखळीत कुठेतरी एक चांगला बफर पाहिजे, फक्त तो फझच्या आधी नको. या पोराकडे फझच्या मागे ट्यूनर आहे आणि टीएस-९ सुद्धा बफरवालाच आहे, त्याचं काम आपोआप झालंय.

मेन_स्विच:
क्रमावर मी बोलत नाही, ते तुम्ही भांडा. मी पॉवरवर बोलतो कारण तो चींऽऽ क्रम बदलून जाणार नाही.

डिले आणि रिव्हर्ब डिजिटल आहेत, त्यांच्या आत प्रोसेसरचं क्लॉक चालू असतं, त्याची घाण त्या सातमुखी वायरीतून सगळ्यांना वाटली जाते आणि फझ तिला हजारपट वर उचलतो. तपासायचं असेल तर डिलेची आणि रिव्हर्बची पॉवर काढ, बायपास नाही, पिनच काढ, आणि फझ लावून बघ. चीं गेला तर चोर सापडला. स्वस्तातला उपाय म्हणजे डिजिटल दोघांना वेगळा ॲडॉप्टर आणि फझला ९ व्होल्टची बॅटरी, फझ करंट इतका कमी घेतो की बॅटरी महिनोन्महिने जाते. ॲनालॉग पेडल्स दहा-वीस मिलीॲम्पच्या आसपास घेतात, डिजिटल मात्र शंभर-दोनशेच्या पुढेही जातात, तेव्हा मागचं स्टिकर वाचून बेरीज कर आणि ॲडॉप्टर बेरजेपेक्षा मोठा घे. पिन ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह. फझ सिलिकॉनचा आहे म्हणजे बहुतेक एनपीएन असेल तरी मित्राला विचार, कारण जुन्या पद्धतीच्या पीएनपी जर्मेनियम फझला पॉझिटिव्ह ग्राउंड असतं आणि तो बाकीच्यांबरोबर एकाच वायरीवर टाकला तर सरळ शॉर्ट.

कायमचा उपाय आयसोलेटेड पॉवर सप्लाय, म्हणजे प्रत्येक आउटपुट आतून वेगळं असलेला. पण घेताना जपून, डब्यावर आयसोलेटेड लिहिलेलं सगळंच तसं नसतं. तापकीर गल्लीत कुठेही साधा मल्टीमीटर मिळतो तो बीपवर ठेव, सप्लायला एकही पेडल न लावता दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या निगेटिव्हला दोन टोकं लाव. बीप वाजला तर आतून ग्राउंड एकच आहे, म्हणजे ती तुझी सातमुखी वायरच, फक्त पत्र्याच्या डब्यात घालून महाग केलेली.

आता सोसायटीचा कार्यक्रम, याची मला जास्त काळजी आहे. मांडवात एकाच एक्स्टेंशन बोर्डवर गणपतीची लाइटिंगची माळ, पेडेस्टल पंखा, प्रसादाचा मिक्सर आणि गिटारचा ॲम्प असं असतंच असतं. डिमरवाली लाइट आणि सिंगल कॉइल पिकअप यांचं जमत नाही, घूंऽऽ येणारच. तो घूं गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरल्यावर कमीजास्त होत असेल तर तो पिकअप हवेतून पकडतोय, वायरिंगचा दोष नाही, लाइटपासून लांब उभा राहा. फिरून काहीच फरक पडत नसेल तर ग्राउंडचा प्रश्न. बँडचं सगळं सामान एकाच पॉइंटवरून घे, लाइटिंग दुसऱ्या. आणि हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग भेटतील, त्यांना हात जोड पण तसलं काही करू देऊ नकोस. माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो तो याच उद्योगांमुळे, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून तर अजिबात नको. ग्राउंड लूप तोडायचाच असेल तर डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड सोडतं, मेन्सच्या अर्थला हात लागत नाही.

कोथरूडचा_स्ट्रॅट:
काका, ताई, दादा सगळ्यांचे पाय कुठेत!! फझ पहिला लावला आणि आला की तो परत, व्हॉल्यूम ५ वर आणला तर असा काही घंटेसारखा क्लीन येतोय की ॲम्पच्या क्लीन चॅनलपेक्षा हाच बरा वाटतोय. वाह फझच्या मागे खरंच अति आहे पण मजा येतीये. डिले लूपमध्ये टाकला, आणि एको_एको म्हणाले तसं पुढे लावूनही बघितला, कॉर्डवाल्या गाण्यांना लूपच बरा वाटला पण एका गाण्यात मी नुसतीच एक-एक तार वाजवतो तिथे पुढचा जास्त आवडला, आता दोन्ही कसं जमवू देवाला माहीत. चीं आवाज डिलेचाच निघाला, पिन काढली की गायब.

पण नवीन घोळ असा की सोसायटीचा साउंडवाला म्हणतोय ॲम्प आणू नका, स्टेज छोटंय, बोर्डमधून सरळ मिक्सरला द्या. तसं केलं तर चालेल का? घराच्या मागे ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झालीये त्यामुळे संध्याकाळी घरी काही ऐकून ठरवायची सोयच नाही.

निळी_टेली:
सरळ मिक्सरला दिलंस तर क्लीन कसंतरी निभावेल, फझ मात्र ऐकवणार नाही. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर काढतच नाही, फझची सगळी करकर तिथेच गाळली जाते. पीएचे (कार्यक्रमाचे मोठे) स्पीकर मात्र अगदी वरपर्यंत वाजतात, ते इमानदारीत सगळी करकर लोकांच्या कानात घालणार, पहिल्या रांगेत आजी-आजोबा बसलेले असतात.

साउंडवाल्याला गोड बोलून पटव की ॲम्प छोटाच आहे, खुर्चीवर ठेवतो, बाजूला वळवून, आणि त्याच्यासमोर एक साधा डायनॅमिक माइक लाव. एसएम-५७ असला तर उत्तम, नसला तर गाण्याचाही चालतो. माइक कोनच्या अगदी मध्यावर नको, तिथे चिरका येतो, जरा कडेकडे सरकवत ने. तो नाहीच ऐकला तर कॅब सिम्युलेटर (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा) घ्यावा लागेल, तो सगळ्यात शेवटी, रिव्हर्बच्याही नंतर, आणि तिथून डीआय. ॲम्प नसला की लूपही नाही, मग सगळी सरळ रांग आणि घाण टीएस-फझचीच, त्यामुळे डिले आपोआप बरोबर जागी येतो.

रिव्हर्ब मात्र घरच्यापेक्षा अर्धा कर. पार्किंगमध्ये चारी बाजूंना बिल्डिंगच्या भिंती असतात, तिथे फुकटचा रिव्हर्ब भरपूर मिळतो. डिलेचा टाइम कानाने लावण्यापेक्षा गाण्याच्या टेम्पोवरून काढ, १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण म्हणजे ३७५, तो नाचरा रिपीट येतो. स्टेजवर ड्रमर पळाला तर टॅपच (ठोके देऊन टाइम लावणं) बरा.

एको_एको:
दोन्ही जमवायचं सोपंय, लूपमधला डिले राहू दे आणि पुढे एक स्वस्तातला ॲनालॉग डिले लाव टीएसच्या आधी. पेडलवाल्यांचा खर्च असाच वाढतो, माझ्याकडे बघ.

सोल्डरवाले_काका:
त्याचं ऐकू नकोस, कार्यक्रम होऊ दे आधी.

बोर्ड बनवताना दोन गोष्टी. बहुतेक पेडल्सना इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे असतं, म्हणून रांग उजवीकडून डावीकडे लाव, म्हणजे फझ उजव्या टोकाला आणि पॅच केबल लहानात लहान राहतात. वाह फझच्या शेजारी येतो, तो खालच्या रांगेत मोकळ्या जागी ठेव नाहीतर वाह मारताना चुकून फझ दाबला जातो. लूपवाली तिन्ही वरच्या रांगेत चालतील, ती कमी दाबायची असतात. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये प्लायचा तुकडा मापाने कापून मिळतो, मागच्या बाजूला खाली एक पट्टी ठोकून तिरका कर, वर वेल्क्रो. वेल्क्रोची खरबरीत बाजू बोर्डला आणि मऊ बाजू पेडलला, उलटं केलंस तर पेडल घरच्या सतरंजीला चिकटतं. चिकटवण्याआधी पेडलच्या रबराखालचं स्टिकर आणि सिरियल नंबर बघून ठेव, विकायला काढशील तेव्हा लागतं.

आणि फझ बॅटरीवर टाकलास तर वाजवून झालं की त्याच्या इनपुटचा जॅक काढून ठेवत जा. जॅक आत असेपर्यंत बॅटरी खर्च होतच राहते, पेडल बंद असलं तरी. तुझा फझ बोर्डवर पहिलाच आहे, म्हणजे गिटारची केबल उपटली की झालं.